जेटचे भोक वाढविण्यापूर्वी



दरवर्षी १५ मे रोजी आपण शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण पाळतो. माद्रिद शहराजवळ दुसऱ्याच्या रानात जन्मभर नांगर धरणारा हा मजूर. १६२२ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. आपल्या भागात हा सण ऐन धांदलीत येतो. खानापूर-बेळगावच्या लाल मातीत धूळवाफ पेरणीची तयारी चाललेली असते, तर निपाणी-चिकोडीकडे काळ्या रानात कुळवाच्या पाळ्या चालू असतात. त्याच दिवसांत गावोगावच्या गॅरेजांसमोर बिघडलेल्या यंत्रांची रांग लागते. म्हणून या वेळी शेती आणि आरोग्य या दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा असा एक विषय या पानावर घेत आहे. तो म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट.

बैलजोडी पोसणे परवडेनासे झाले, आणि ट्रॅक्टर प्रत्येकाच्या आवाक्यात नाही. त्यामुळे भंगारात निघालेल्या मोटारसायकलीचे इंजिन काढायचे, त्याला मागे एक्सल जोडायचा, रुंद टायर लावायचे आणि माळावर, बांधावर, उसाच्या सरीत कुठेही जाईल असा तीनचाकी किंवा चारचाकी गाडा उभा करायचा, असा उद्योग अनेक ठिकाणी चालतो. परदेशात अशा गाड्या कारखान्यात तयार होतात. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलीला मागे दोन चाके आणि अवजारांचा दांडा जोडून 'बुलेट सांती' बनविली, तिचे नाव देशभर झाले. त्यांनी डिझेल इंजिन वापरले होते, म्हणून कार्ब्युरेटरचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. आपल्याकडचे गाडे बहुधा पेट्रोलवरचे. शिवाय पेट्रोलवरचे कोळपणी यंत्र, गवत कापण्याचे यंत्र, फवारणीचा मोटारपंप या सर्वांना कार्ब्युरेटर असतोच. नव्या मोटारसायकलींत २०२० सालापासून बहुतेक ठिकाणी त्याची जागा इंजेक्शनने घेतली. शेतात मात्र तो अजून पुष्कळ वर्षे राहणार आहे.

असा गाडा कोणी बनवूच नये, असे मी म्हणत नाही. गरजेतून सुचलेली ती युक्ती आहे आणि तिच्यामागे कसब आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, जेट हे माप आहे, आणि माप अंदाजाने वाढवू नये. इंजिनात फेरफार केला की जेट बदलावे लागते, हे खरे. पण ते नंबर असलेल्या, विकत आणलेल्या जेटने, एकेक पायरीने आणि भार देऊन तपासत बदलावे. तार घालून भोक मोठे करण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे ती बंद झाली पाहिजे. ती इंजिनाचा घात करते, आणि प्रसंगी माणसाचाही.

जेट म्हणजे काय?

फवारणीच्या पंपाचे नोझल आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. नोझल झिजून त्याचे छिद्र मोठे झाले की औषध जास्त जाते, पीक करपते आणि पैसा वाया जातो. जेट हे पेट्रोलचे नोझलच आहे. पितळेचा नखाएवढा तुकडा, आणि त्यात एक मिलिमीटरच्या आसपासचे छिद्र. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोराने जाते, तेथे ओढ निर्माण होते आणि खालच्या वाटीतले पेट्रोल या छिद्रातून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल याहून जास्त झाले तर मिश्रण दाट झाले म्हणायचे, कमी झाले तर विरळ.

दाट मिश्रणात पेट्रोल अर्धवट जळते, काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते. विरळ मिश्रणात इंजिन तापते, ओढताना अडखळते, अॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होतो, आणि शेवटी पिस्टन जाम होतो. टू-स्ट्रोक इंजिनात तर वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जाते. तेथे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, म्हणून ते इंजिन आणखी लवकर जाम होते.

कार्ब्युरेटरात एकच जेट नसते, हेही ध्यानात घ्यावे. इंजिन नुसते चालू असताना आणि अॅक्सिलेटर पावपर्यंत उघडा असताना लहान पायलट जेट काम करते. पावापासून पाऊणपर्यंत निडलचा अधिकार असतो. पाऊणच्या पुढे मेन जेटचे काम सुरू होते. पुष्कळदा तक्रार असते पायलट जेटची आणि भोक वाढविले जाते मेन जेटचे. म्हणजे दुखते गुडघ्यात आणि मलम लावायचे कोपराला.

फेरफार केल्यावर काय बिघडते?

गाडा बनविताना पहिला घाव पडतो तो हवेच्या फिल्टरवर. जागा पुरत नाही म्हणून त्याची पेटी काढून टाकतात. दुसरा घाव सायलेन्सरवर. तो कापून आखूड करतात. दोन्हींमुळे हवेचा प्रवाह बदलतो, पण जेट पूर्वीचेच राहते, आणि मिश्रण विरळ होते. मग गाडा ओढत नाही, मेस्त्री भोक वाढवितो, गाडा धूर ओकू लागतो, आणि या भानगडीत फिल्टर नसल्याची आठवण कोणालाच राहत नाही. आपल्या लाल मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टरवाचून ती सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासून टाकते. शेतातल्या यंत्राचा फिल्टर काढणे म्हणजे भाताच्या कणगीचे झाकण काढून उंदरांना आवतण देणे होय. पेटी बसत नसेल तर फोमचा दुसरा फिल्टर बसवावा. तो साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून, पिळून पुन्हा लावावा. जेटचा विचार त्यानंतर करावा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मोटारसायकलीचे इंजिन रस्त्यावरच्या वाऱ्याने थंड होते. तेच इंजिन माणसाच्या चालीने, भार ओढत, सरीतून चालले तर त्याला वारा मिळत नाही. येथे मिश्रण थोडेही विरळ असले तरी पिस्टन जातो. म्हणून अशा गाड्याला पंख्याने थंड होणारे रिक्षाचे इंजिन अधिक योग्य, असे माझे मत आहे. मोटारसायकलीचेच वापरायचे असेल तर पंखा आणि पत्र्याचे कवच बसवावे. नुसते जेट मोठे करून उष्णतेचा प्रश्न सुटत नाही.

तिसरी गोष्ट चिखलाची आणि उताराची. कार्ब्युरेटरच्या वाटीला हवा घेण्याची एक बारीक नळी असते. ती चिखलाने बुजली तर पेट्रोल खाली उतरत नाही आणि इंजिन बंद पडते. गाडा तिरका असला तर वाटीतली पातळी बदलते. या दोन्ही तक्रारी जेटच्या नव्हेत. ती नळी वर, टाकीच्या खालच्या बाजूला बांधून ठेवली की निम्मा त्रास जातो.

घाटाची हवा आणि उसाचे पेट्रोल

गोव्याच्या बाजूने जुने यंत्र आणले की, 'इथली हवा विरळ आहे, जेट बदलावे लागेल,' असे हमखास सांगितले जाते. हिशेब करून पाहू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पणजीपेक्षा येथील हवा सुमारे सात टक्क्यांनी विरळ. त्यामुळे मिश्रण दाट होते ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास, कारण हवेबरोबर पेट्रोलची ओढही काहीशी कमी होते. आता दुसरीकडे पाहा. जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंश, एवढ्या फरकाने एकाच रानातली हवा तितकीच, सुमारे सात टक्के, विरळ होते. दर ऋतूला कोणी जेट बदलत नाही आणि त्याची गरजही नसते. मग घाट चढून आलेल्या यंत्राचे जेट लगेच बदलण्याचे कारण नाही.

पेट्रोलचा बदल मात्र याहून मोठा आहे. २०२२ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सरासरी दहा टक्के झाले, आणि २०२५ साली ते वीस टक्क्यांपर्यंत गेले. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी येथील आपलाच ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते आणि तेच पंपावर पेट्रोलमध्ये मिसळून आपल्या टाकीत येते. ऊसकरी म्हणून आपल्याला त्यात समाधान वाटावे. पण यंत्राचे मालक म्हणून एक गोष्ट समजून घ्यावी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो. एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे साडेतेरा किलोच पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बसविलेल्या जुन्या जेटवर आजचे पेट्रोल घातले तर मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी विरळ होते. जुनी यंत्रे अलीकडे तापतात, सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू होत नाहीत, या तक्रारींचे हे एक कारण असू शकते. येथे एक पायरी मोठे जेट लावणे न्याय्य ठरेल. पण एकच पायरी.

इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्याच्या आधी टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र चार महिने कोपऱ्यात टाकले, तर तळाशी पाणी साचते, वाटीत पांढरा क्षार धरतो, जुन्या पद्धतीचे रबर फुगते आणि पायलट जेट बुजते. बुजलेले जेट म्हणजे विरळ मिश्रण. ते नुसते स्वच्छ करायचे असते, मोठे करायचे नसते. यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करा, वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले पेट्रोल काढा. पाच मिनिटांचे हे काम केले, तर पुढच्या हंगामात जेटची निम्मी प्रकरणे उद्भवणारच नाहीत.

तार घालण्याची रीत

बेळगावचे उद्यमबाग आपल्याला माहीत आहे. ओतकाम आणि यंत्रकाम यांसाठी आपल्या शहराचा लौकिक दूरवर आहे. आपल्या धर्मग्रामातल्या कोणाचा ना कोणाचा मुलगा तेथे लेथवर उभा असतो आणि एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तर तो तुकडा बाद करतो. त्याच शहराच्या शिवारात आपण जेटमध्ये गोणपाटाचा दाभण किंवा क्लचची तार घालून फिरवतो, हे पाहून नवल वाटते.

गणित साधे आहे. ०.९० मिलिमीटरचे छिद्र १.०० मिलिमीटर झाले तर डोळ्याला फरक दिसत नाही. पण छिद्राचे क्षेत्रफळ तेवीस टक्क्यांनी वाढते. एक दशांश मिलिमीटरची चूक म्हणजे पावाच्या जवळपास जादा पेट्रोल. शिवाय तारेने छिद्र गोल राहत नाही, त्याच्या कडेला ओरखडे पडतात, आणि मागे फिरण्याची वाट बंद होते. काढलेले पितळ परत चिकटवता येत नाही. विकत घेतलेले जेट चुकले तर दुसरे लावता येते. जेटवर आकडा असतो, तो वाचावा. केहिनच्या जेटवर १०० आकडा असेल तर छिद्र एक मिलिमीटरचे. मिकुनीच्या कित्येक जेटांवरचा आकडा छिद्राचा व्यास नसून त्यातून वाहणाऱ्या इंधनाचे मान असतो. म्हणून एका कंपनीच्या ९५ ऐवजी दुसरीचे ९५ लावले की माप जुळले, असे समजू नये.

योग्य रीत कोणती?

आधी फिल्टर स्वच्छ, प्लग नवा, टॅपेट मापात, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर नाही, वाटीतली पातळी बरोबर, एवढे पाहावे. या पाचांपैकी एकात दोष असला तर जेट बदलणे व्यर्थ आहे.

मग मेन जेट. नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या मोठे लावून सुरुवात करावी आणि खाली उतरत यावे, कारण दाट मिश्रणाने इंजिन धूर टाकते, पण विरळ मिश्रणाने पिस्टन जातो. ही तपासणी गॅरेजच्या दारात मोकळे इंजिन रेस करून होत नाही. मोकळ्या रानात, गाड्यावर नेहमीचा भार घालून, अॅक्सिलेटर पूर्ण उघडून काही अंतर चालवावे, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि थोडे निवल्यावर प्लग काढून पाहावा. बिस्किटासारखा तपकिरी असला तर ठीक, काळा असला तर दाट, पांढरा फटक असला तर विरळ. हल्लीच्या पेट्रोलने प्लगवर रंग फिकाच चढतो, म्हणून एकाच प्लगवर निर्णय घेऊ नये. आणखी एक साधी खूण आहे. गाडा ओढत नसताना चोक किंचित ओढून पाहावा. सुधारला तर मिश्रण विरळ होते, आणखी बिघडला तर ते आधीच दाट होते.

मेन जेट बसल्यावर निडल पाहावी. तिच्या डोक्याजवळ खाचा असतात. क्लिप एक खाच खाली लावली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होते, वर लावली की विरळ. शेवटी पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरविल्यावर मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरविल्यावर दाट होते. हा भेद न समजल्यामुळे कित्येक चांगली इंजिने बिघडलेली असतात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा: तारीख, जेटचा आकडा, निडलची खाच, प्लगचा रंग. दुधाची वही ठेवणाऱ्या घराला ही वही जड नाही.

धूर आणि माणूस

आता या पानाच्या दुसऱ्या कर्तव्याकडे वळतो. दाट मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या घटकाला प्राणवायू चिकटतो त्याला हा वायू दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि माणूस श्वास घेत असतानाच गुदमरतो. पी.यू.सी. तपासणीत २००० सालच्या मार्चअखेरपर्यंत बनलेल्या दुचाकींना या वायूची मर्यादा साडेचार टक्के आहे, त्यानंतरच्या जुन्या दुचाकींना साडेतीन. आणि बंद जागेतल्या हवेत तो फक्त ०.१६ टक्के झाला, तर वीस मिनिटांत डोके दुखून चक्कर व मळमळ सुरू होते आणि एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. म्हणजे तपासणीत पास झालेल्या जुन्या गाडीच्या नळीतूनही त्या मात्रेच्या वीसपटींहून अधिक वायू बाहेर येतो. जेटचे भोक वाढविलेल्या गाड्याचे तर विचारायलाच नको.

गॅरेजमधल्या मुलाचे दिवसभर डोके दुखते, त्याला आपण उन्हाचा त्रास म्हणतो. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्याला चक्कर आली, तर पित्त म्हणतो. पेट्रोलवरचा पंप विहिरीत उतरवून चालू करण्याची चाल तर सर्वांत भयंकर. विहीर म्हणजे एक खोल भांडे, त्यात धूर साचतो. एक माणूस खाली पडला की दुसरा त्याला काढायला धावत उतरतो, आणि तोही पडतो. दोन घरांचे दिवे एकदम विझतात. म्हणून स्पष्ट सांगतो: पेट्रोलचे इंजिन विहिरीत, बंद खोलीत, गोठ्यात, पॉलिहाउसमध्ये कधीही चालवू नये. कोणी बेशुद्ध पडल्यास इंजिन बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर फोन करावा. धूर भरलेल्या विहिरीत कंबरेला दोर बांधूनही कोणी उतरू नये, श्वासाचे साधन असलेल्या अग्निशमन दलाला बोलवावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना या वायूचा धोका अधिक असतो, त्यांना चालू इंजिनाजवळ बसू देऊ नये.

आणखी दोन सवयी सोडाव्यात. नळी तोंडात धरून पेट्रोल किंवा रॉकेल ओढू नये, आणि जेट ओठांत धरून फुंकू नये. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर तेथे सूज येते आणि माणूस दगावू शकतो. मुलाने चुकून रॉकेल प्यायल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ओकताना ते फुप्फुसात उतरते. त्याला सरळ दवाखान्यात न्यावे. जेट फुंकायला हवेचा पंप आहे. कार्ब्युरेटर उघडण्याचे काम चुलीपासून, बिडीपासून आणि देवघरातल्या मेणबत्तीपासून दूर, उघड्यावर करावे.

आक्षेप आणि उत्तर

मेस्त्री मंडळी म्हणतील, 'कंपनी प्रदूषणाच्या नियमासाठी जेट बारीकच ठेवते, थोडे मोठे केल्याशिवाय ओढ येत नाही.' यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. म्हणूनच नंबरचे जेट एक पायरी मोठे लावण्यास माझा विरोध नाही. दुसरे म्हणतील, 'पेरणी थांबत नाही, शहरातून जेट यायला दोन दिवस लागतात.' हेही खरे आहे. पण याचे उत्तर तार नव्हे, आधीची तयारी होय. वाफसा आल्यावर बी शोधायला निघणाऱ्याला आपण काय म्हणतो? तेलाशिवाय दिवे घेऊन निघालेल्या कुमारींचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

कायद्याचे एक वाक्य सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाहनात मनमानी फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शेतातला गाडा शेतातच ठेवावा. त्यावर बायकामुलांना बसवून हमरस्त्याने रविवारच्या मिस्सेला येणे कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही.

माझी सूचना

पुढच्या वर्षीपासून संत इसिदोर यांच्या सणाच्या आधीच्या रविवारी, मिस्सेनंतर, चर्चच्या आवारात यंत्रतपासणीचा एक दिवस ठेवावा. आपल्यातले जे कामगार उद्यमबागेत आहेत आणि जे मेस्त्री गावात गॅरेज चालवितात, त्यांनी दोन-तीन तास द्यावेत. नेहमीच्या इंजिनांना लागणाऱ्या जेटांची एक पेटी वर्गणीतून घ्यावी आणि ज्याला जे जेट लागेल ते त्याने किंमत देऊन न्यावे. प्रत्येक यंत्राचा आकडा एका सामाईक वहीत लिहावा, म्हणजे शेजाऱ्याला तोच गाडा बनवायचा असेल तर त्याची चार दिवसांची वणवण वाचेल. तरुण संघाने गावातल्या प्रत्येक विहिरीवर आणि पंपाच्या खोलीवर 'येथे पेट्रोल इंजिन चालवू नये' अशी पाटी मराठी आणि कानडीत लावावी. धूर भाषा पाहत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले. त्या घराची काळजी घेण्याची सुरुवात मोठ्या गोष्टींनीच व्हावी असे नाही. आपल्या गाड्यातून जो काळा धूर निघतो तो आधी आपल्याच मुलांच्या छातीत जातो, आणि जे पेट्रोल अर्धवट जळून वाया जाते ते आपल्याच घामाच्या पैशाचे असते. धान्य मापताना मापावर बोट ठेवणाऱ्याला आपण पापी म्हणतो. जेटही माप आहे. त्याचा मान राखावा, एवढीच या पानाची विनंती.